कानवडीकरांची सातवी चकती

हंड्यावर ‘सौ. अनसूया’ एवढं घालून झालं होतं आणि पुढे नवऱ्याचं नाव सांगायला ती बाई लाजत होती.

“अहो, सांगा की. मी काय गावभर दवंडी पिटणार आहे?” मी म्हटलं. “नाव नाही घातलं तर उद्या तुमची जाऊ हंडा घेऊन जाईल, मग बसा भांडत.”

तेवढ्यात दुकानासमोर जीप थांबली. तिच्यातून रखमाजी उतरला. कानवडीकर सरकारांचा हा म्हातारा नोकर दर दसऱ्याला सरकारांचा शिक्का साफ करून घ्यायला आमच्याकडे यायचा, आला की चहा मागून घ्यायचा. आज तो पायरीशीच उभा राहिला.

“दादा हायत का?”

“आहेत आत. या ना.”

“न्हाई. त्यास्नी सांगा, छिन्नी घेऊन बोलावलंय. पाचगणीला.”

आमच्या घरात या निरोपाचा एकच अर्थ होता. कानवडीकरांचा मालक गेला. मी हातातलं कोरायचं कलम खाली ठेवलं.

सत्तावन्न सालचा डिसेंबर होता. मी बावीस वर्षांची होते. वाईत आमचं ठसे आणि शिक्के खोदायचं दुकान होतं. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि चार वर्षं सगळं काम मीच करत होते. लोकांना वाटायचं त्र्यंबकराव पोतदारांचा हात अजून तसाच आहे. दादा गल्ल्यावर बसून मान हलवायचे आणि मी आत बसून खोदायचे. त्याचा मला राग होता, हे आधीच सांगून टाकते.

कानवडीकरांचा शिक्का म्हणजे मुठीत मावेल एवढी सोन्याची मूठ. टोकाला बोराएवढा पाचू, खाली माणकांच्या तीन ओळी. पाचू कर्नाटकच्या स्वारीत मिळाला म्हणे. प्रत्येक सरदार घराण्याचा पाचू कर्नाटकच्या स्वारीतच मिळालेला असतो, पण हा खरोखर सुरेख होता. मुठीच्या तळाला रुपयाएवढी चांदीची चकती फिरवून बसवलेली असे आणि तिच्यावर मालकाचं नाव कोरलेलं असे. मूठ पिढ्यान्‌पिढ्या तीच, चकती मात्र ज्याची त्याची. मालक गेला की त्याच्या चकतीवरच्या नावावर छिन्नीचा एक आडवा घाव घालायचा आणि ती पेटीत ठेवून द्यायची. अशा सहा चकत्या पेटीत होत्या. सहाही आमच्या घराण्यानं कोरलेल्या आणि आमच्याच घराण्यानं मारलेल्या. परवा नातवानं मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा लिलावाचं चित्र दाखवलं. पाचू तोच, माणकं तीच, आठ चकत्या ओळीनं मांडलेल्या, आणि खाली लिहिलेलं की या घराण्याची परंपरा अखंड आहे. मी चष्मा काढून ठेवला आणि त्याला म्हटलं, दुसरं काहीतरी दाखव.

घाव घालायची ही रीत उगीच पडलेली नव्हती. ही मूठ घडवायच्या आधी, जुन्या शिक्क्याच्या वेळी, एक मालक वारला तेव्हा कारभाऱ्यानं नऊ दिवस मरण लपवलं आणि मेलेल्या हातात शिक्का धरून हव्या त्या कागदांवर उठवला. तेव्हापासून घराण्यानं ठरवलं की मरणाचा शब्द बाहेरच्या माणसानं द्यायचा. तो मान आमचा. आमच्या माणसानं जायचं, मालकाचा हात हातात घ्यायचा आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणायचं, “हात गार आहे.” मग त्याच हातानं लाखेवर शेवटचा ठसा उमटवून घ्यायचा आणि चकती मारायची. घाव ऐकू येईपर्यंत घरात कुणी रडायचं नाही. मेलेल्याच्या नावानं कुणी कागद करू नये म्हणून एवढी तजवीज. जिवंत माणसालाच कुणी मेलेला ठरवील, हे मात्र त्या काळी कुणाला सुचलं नव्हतं.

दादा चाचपडत बाहेर आले. “इंदू जाईल,” ते म्हणाले.

रखमाजी गडबडला. “दादा, पोरीच्या जातीला... मेलेल्या मान्साचा हात...”

“हात माझाच आहे तो. चार वर्षं तुमचा शिक्का कोण घासतंय, तुला काय वाटलं?” मग माझ्याकडे तोंड करून ते म्हणाले, “ठसा घेताना घाई करू नकोस. मेलेल्या हाताचा ठसा सारखा उमटतो, जोर आपलाच असतो ना. जिवंत हात एका कडेला कलतो. ठशांच्या वहीत आधीचे सहा आहेत, ते बघ आणि तसाच आला पाहिजे.”

पसरणीचा घाट चढताना रखमाजी माझ्या शेजारी बसला होता. गाडी चालवणारा माणूस नवा होता, उदाजीरावांचा. उदाजीराव म्हणजे आबासाहेबांचे, गेलेल्या मालकांचे, पुतणे. दहा वर्षांपूर्वी आबासाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं होतं आणि गेली दोन वर्षं दोघं एका पंगतीला बसत नव्हते, हे वाईत सगळ्यांना ठाऊक होतं.

“कधी गेले?” मी विचारलं.

“पहाटं म्हनत्यात.”

“म्हणतात म्हणजे? तुम्ही नव्हता?”

रखमाजीनं समोरच्या आरशात पाहिलं. आरशातून गाडीवाला आमच्याकडे बघत होता.

“मला रात्रीपास्नं आत घेतलं न्हाई,” तो हळूच म्हणाला. “परवा झटका आला. वाचा गेली, उजवा हात तेवढा हलत हुता. त्याच्या आदी आठ दिस आबासाहेबांनी बडोद्याला तार धाडायला लावली, आक्कासाहेबास्नी. मूठ लेकीच्या हाती द्यायची म्हनून.”

याचा अर्थ मला कळत होता. मालकानं जिवंतपणी मूठ ज्याच्या हातात दिली तो पुढचा मालक. तशी न देताच मालक गेला, तर दत्तकाचा हक्क. कोर्टात त्या शिक्क्याला कवडीची किंमत उरली नव्हती, पण कानवडीची चौदा गावं, देवस्थानचा कारभार आणि भाऊबंद अजून त्या मुठीलाच मानत. ज्याच्या हाती मूठ त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरणार.

“आक्कासाहेब कुठवर आल्यात?”

“सकाळच्या गाडीनं वाठारला उतरतील. एकपोत्तर हितं.” मग जरा वेळानं तो म्हणाला, “ताई, हात नीट बगा. बगून मग बोला. माझं कोन ऐकतंय? तुमच्या घराचा सबूद चालतो.”

“रखमाजी,” गाडीवाला पुढूनच म्हणाला, “थंडी लई हाय. तोंड मिटून बसावं.”



पाचगणीला कडक ऊन होतं आणि वारा हाडांत शिरत होता. बंगल्याच्या व्हरांड्यात दोन म्हातारे भाऊबंद खुर्च्यांवर बसले होते, रीतीप्रमाणे साक्षीला. उदाजीराव दारात आले. पस्तिशीचे, देखणे, पांढरा सदरा. मला बघून थबकले, मग हसले. सुतकाच्या घरात माणूस हसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं.

“त्र्यंबकराव नाही आले?”

“त्यांना दिसत नाही आता. काम मीच करते.”

“केव्हापासून?”

“चार वर्षं.”

“असं होय,” ते म्हणाले आणि माझ्याकडे नीट बघितलं. “चल.”

खोलीत पलंगावर आबासाहेब झोपवलेले होते. पायांपासून डोक्यापर्यंत शाल. उजवा हात तेवढा बाहेर काढून उशीवर ठेवला होता. पलंगाजवळची मोठी खिडकी सताड उघडी होती आणि त्यातून येणाऱ्या वाऱ्यानं माझे दात वाजायला लागले.

“खिडकी लावू का? लाख धरणार नाही,” मी म्हटलं.

“राहू दे. जीव जायला वाट लागते.”

“आणि तोंड झाकलंय...”

“तोंड बघायचा मान तुमचा नाही,” उदाजीराव म्हणाले. “हात तेवढा तुमचा.”

रखमाजी भिंतीला टेकून उभा राहिला. मी खाली बसले, हत्यारं मांडली, स्पिरिटचा दिवा लावला. मग तो हात हातात घेतला. पौषातल्या पहाटेच्या पितळी तांब्यासारखा गार होता. अशा वाऱ्यात तास-दोन तास उघडा ठेवलेला कुणाचाही हात गार होईल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझं लक्ष हाताकडे नव्हतंच. एवढ्या मोठ्या घराण्यात, एवढ्या लोकांसमोर, मी पोतदारांची मुलगी हा शब्द उच्चारणार, याचाच मला चेव चढला होता. रखमाजीनं बजावलेलं मी विसरले.

“हात गार आहे,” मी मोठ्यानं म्हटलं.

“ऐकलं,” व्हरांड्यातून दोघे म्हणाले.

भिंतीकडून रखमाजीचा हुंदका आल्यासारखं वाटलं. उदाजीरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला.

मी ठशांची वही उघडली. आधीच्या सहा पानांवर सहा ठसे होते, सारखे, चारी कडांनी एकाच खोलीचे. सातव्या कोऱ्या पानावर लाख वितळवून ओतली. मूठ आबासाहेबांच्या तळव्यात ठेवली, त्यांची बोटं तिच्याभोवती वळवली, वरून माझा हात ठेवला आणि लाखेवर टेकवली.

आणि माझ्या हाताखालची बोटं आवळली.

मेलेला हात ताठ होतो, मला माहीत होतं. आजोबांचा पाहिला होता. हे ताठणं नव्हतं. अंगठा पाचूवरून सरकला, नीट बसला आणि खाली दाबला गेला. शिक्का धरायची सवय असलेल्या माणसाचा अंगठा जिथे बसतो, अगदी तिथे.

मी हात उचलला. लाखेवर ठसा उठला होता. डाव्या कडेला खोल, उजवीकडे नाव जेमतेम वाचता येईल एवढाच.

“रावसाहेब,” मी म्हटलं. “हात...”

उदाजीराव माझ्याशेजारी उकिडवे बसले. वहीकडे बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात, मायेनं बोलावं तसं म्हणाले, “मेल्यावर बोटं आखडतात. बापानं शिकवलं नाही?”

“आखडतात, पण अशी नाही. त्यांनी मूठ धरलीय. सोडत नाहीत.”

“मग सोडव.”

“डॉक्टरांना एकदा...”

“डॉक्टर येऊन गेले. कागद झालाय.” ते व्हरांड्याकडे बघून घेत म्हणाले, “आणि हात गार आहे असं मी नाही म्हणालो, पोरी. तू म्हणालीस. बाहेर दोघांनी ऐकलंय. आता बाहेर जाऊन काय सांगणार, पोतदारांच्या मुलीला जिवंत आणि मेलेला कळत नाही? दोनशे वर्षांचा मान तुमचा. तू आज पहिल्यांदा आलीस आणि आजच घालवणार?”

मी स्पिरिटचा दिवा विझवला.

“तू घाबरलीस. साहजिक आहे,” ते म्हणाले. “आता नीट ऐक. नवी चकती माझ्या नावाची होईल. ती तूच कोरायची. कडेला कारागिराचं चिन्ह असतं ना? बापाचं घालू नकोस. तुझं घाल.”

आमच्यात प्रत्येक कारागिराचं एक चिन्ह असतं. दादांचा त्रिशूळ होता. चार वर्षं मी खोदलेल्या प्रत्येक कामाखाली त्यांचाच त्रिशूळ कोरत होते. माझं चिन्ह मी ठरवून ठेवलं होतं, एक पिंपळपान. पाटीवर काढायचे आणि दादांना दिसत नसूनही पुसून टाकायचे. उदाजीरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाची भूक ओळखायची कला काहींना उपजत असते.

“ताई,” रखमाजी म्हणाला. एवढंच.

मी आबासाहेबांची बोटं सोडवली. करंगळी आधी, मग पुढची, एकेक करून. अंगठा शेवटी. अंगठ्यात जोर होता. मी माझ्या दोन्ही हातांनी तो उचलला. शालीकडे मी पाहिलं नाही. शाल हलते आहे की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी पाहिलंच नाही.

चकती फिरवून काढली, लाकडी ठोकळ्यावर ठेवली, नावावर छिन्नी धरली आणि हातोडी मारली. एकच घाव. स्वच्छ बसला.

बाहेर रडणं सुरू झालं. आतल्या बायका, नोकर, भाऊबंद, सकाळपासून अडवून धरलेलं सगळं एकदम फुटलं. त्या आवाजात खोलीत दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

“आता बाहेर थांबा दोघं,” उदाजीराव उठून म्हणाले. “जुना आणि नवा मालक थोडा वेळ एकटे बसतात. रीत आहे.”

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. रखमाजीनंही नसावी. आम्ही बाहेर आलो आणि आतून कडी लागली. आम्ही दाराकडे तोंड करून उभे राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही, चहा उकळायला लागतो तेवढा असेल.

“तुमास्नी कळलं हुतं न्हवं?” रखमाजीनं विचारलं. दाराकडे बघतच.

मी म्हटलं, “काय?”

दार उघडलं तेव्हा आतली खिडकी लावलेली होती आणि शाल नीट खोचलेली होती. उदाजीरावांचं कपाळ घामानं भिजलं होतं.

दोन वाजता त्यांना नेलं. मला जीपनं खाली पोचवायची व्यवस्था होती. घाटात निम्म्यावर एक भाड्याची मोटार वर जाताना दिसली. मागच्या बाजूला एक बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढचा रस्ता बघत होती, जणू तशानं गाडी लवकर पोचेल. गाडीवाल्यानं जीप बाजूला घेऊन त्या मोटारीला वाट दिली.

घरी दादा दारातच बसून होते. “ठसा सारखा आला?”

“सारखा आला.”

“चारी कडा?”

“चारी कडा, दादा.”

त्यांनी चाचपून माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. “बसला तुझा हात,” ते म्हणाले. जन्मात एवढी शाबासकी त्यांनी मला दिली नव्हती. मी न्हाणीघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते. एकटी मुलगी, परकं घर, दारात त्यांचा माणूस. ऐकणाऱ्याला पटलं असतं. पण भीती वाटली ती घाटात, उतरताना. त्या खोलीत, छिन्नी धरली तेव्हा, मला पिंपळपान दिसत होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी उदाजीरावांची चकती शिकंज्यात धरून मी कोरत होते. दादा देवळात गेले होते. दुकानात एक बाई आली. चाळिशीची, सुती लुगडं, पायांत साध्या वहाणा. नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. आबासाहेबांचा अंगठा तिच्या हाताला होता. मी चकतीवर घाईनं फडकं टाकलं.

“त्र्यंबकरावांची मुलगी तुम्हीच ना?” आक्कासाहेब म्हणाल्या. “आबासाहेबांचा हात तुम्ही धरला होतात.”

“हो. बसा ना.”

त्या उभ्याच राहिल्या. “मला कुणी काही सांगत नाही. रखमाजी असता तर त्यानं सांगितलं असतं, तर तो दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेला म्हणतात. गावी माणूस पाठवला, तिथंही नाही.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “एकच विचारायचंय. वाठारला उतरले तर ठरवलेली मोटार आली नव्हती. कुणीतरी परत पाठवली होती. दुसरी मिळेपर्यंत मी दीड तास स्टेशनवर बसून होते. चालत निघाले असते तरी, कुणाची बैलगाडी धरली असती तरी, असं रोज वाटतं. झोप लागत नाही. ते माझी वाट बघत होते का हो?”

मी फडक्याची कड सारखी केली.

“तुम्ही हात धरलात तेव्हा तो गार होता ना? म्हणजे पहाटेच गेले होते. मी कितीही धावले असते तरी पोचले नसते. असंच ना?”

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पासष्ट वर्षं करते आहे. उदाजीराव तुरुंगात गेले असते की नाही, ठाऊक नाही. मी गेले असते. दादांचं नाव गेलं असतं. आणि त्या बाईला कळलं असतं की तिचा बाप दुपारी बारापर्यंत मूठ घट्ट धरून तिची वाट बघत होता. हे सगळं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, असं म्हणायला मला आवडेल. तसं नव्हतं. फडक्याखाली चकती होती आणि ती त्यांना दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

“पहाटेच गेले होते,” मी म्हटलं. “हात गार होता.”

आक्कासाहेबांनी डोळे मिटले. चौदा दिवसांत पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखा त्यांनी श्वास घेतला.

“कुठल्या हातानं धरला होतात?”

मी उजवा हात पुढे केला. का केला, कोण जाणे. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, वाकून डोळ्यांना लावला आणि रडायला लागल्या. “शेवटी कुणीतरी धरला होता त्यांचा हात,” त्या म्हणत होत्या. “एकटे नव्हते गेले. तुमचे उपकार आहेत, बाई. तुमचे फार उपकार आहेत.”

त्यांच्या आसवांनी माझी बोटं भिजली. मी हात काढून घेतला नाही.

त्या गेल्यावर हात पुसला, फडकं बाजूला केलं आणि कलम उचललं. दादा यायच्या आत कडेचं पान उरकायचं होतं.